वाट अरुण दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

बँकॉकच्या वाट अरुण या बौद्ध देवळात (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ) सहलीतल्या सगळ्यांना फोटो काढायला मोकळा वेळ दिला होता. तुम्ही तुमचा तो वेळ माझ्या प्रश्नांना दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसासोबत असं देऊळ बघायला मिळणं हे भाग्यच.

चाओ फ्राया नदीच्या काठावर तुम्ही आधी गोष्ट सांगितलीत. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने तेव्हाची सयामची राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली. सेनापती ताकसिन नदीने खाली आला आणि उजाडता उजाडता नेमका या देवळापाशी पोहोचला, म्हणून देवळाला पहाटेचं नाव मिळालं. लगेच म्हणालात, "ही झाली आख्यायिका. आता इतिहास ऐक." देऊळ ताकसिनच्या आधीचं, अयुथ्या काळातलं, तेव्हाचं वाट माकोक. ताकसिनने थोनबुरीला राजधानी केली आणि ते राजवाड्याच्या आवारात आलं. व्हिएन्टिआनहून आणलेली प्रसिद्ध बुद्धमूर्ती (नावाला पाचूची, प्रत्यक्षात हिरव्या जेडसारख्या दगडाची) काही वर्षं इथेच होती. राजधानी पलीकडच्या तीरावर गेल्यावर, १७८४ मध्ये, ती वाट फ्रा केओमध्ये नेली. हे ऐकल्यावर गोष्टीची गोडी कमी झाली नाही, उलट वाढली.

मधला उंच प्रांग, म्हणजे देवळाचा मनोरा, लांबून करड्या दगडाचा वाटतो. तुम्ही मला अगदी भिंतीला खेटून उभं केलंत. चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे, मध्येमध्ये शिंपले. एका फुलाची पाकळी म्हणजे चक्क वाटीची फुटकी कड, तिच्यावरची निळी वेलबुट्टी अजून शाबूत! दुसरा राम या थाई राजाने उंच करायला घेतलेला हा प्रांग पुढच्या राजाच्या, तिसऱ्या रामाच्या, काळात पुरा झाला, आणि चीनहून येणाऱ्या जहाजांत भार म्हणून भरलेली भांडी त्याच्या अंगावर चढली, असं सांगतात.

पण मला सर्वांत आवडले ते दारावरचे दोन यक्ष. हिरवा तो थोत्साकान, म्हणजे आपला रावण, आणि पांढरा सहत्सदेचा, थाई रामायणातलाच दुसरा राक्षस. बुद्धाच्या दारी रावण पहाऱ्याला! आपल्याकडे कोणाच्या मनातही येणार नाही. पलीकडच्या वाट फोच्या यक्षाने इथल्या यक्षाकडून पैसे उसने घेतले, बुडवले, मग दोघांची अशी जुंपली की पलीकडचा था तियनचा काठ सपाट झाला, आणि शेवटी शंकराने त्यांना दगड केलं. ही गोष्ट तुम्ही हातवारे करून सांगत होतात, तेव्हा आजूबाजूची अनोळखी माणसंही थांबून बघत होती.

आता आमच्या घरात अयुथ्याला जायचं घाटतंय. तुमच्याशिवाय जायची माझी तयारी नाही. याल ना?

तुमची,
सहलीतली सोबतीण