पुलावरचे नंदी

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी तिकिटांचं सांगून टाकते. मेमध्ये मी येत नाहीये, तुम्ही दोघं इकडे इंग्लंडला येताय. न विचारता काढली, कारण विचारलं असतं तर बाबांनी आईचे गुडघे पुढे केले असते आणि आईनं बाबांचं बीपी. विमान थेट आहे, मध्ये उतरायचं नाही. आणि परवडतं, बाबा.

परवा ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट बघून आले. खरं म्हणजे चढ किती, बसायला कुठे, हे पाहायलाच गेले होते. चार्ल्स कॉकरेल या ईस्ट इंडिया कंपनीतल्या माणसानं १८०५च्या सुमारास आपल्या वास्तुविशारद भावाकडून हे घर बांधून घेतलं. मेंढ्यांच्या कुरणांत मध्येच मोगली घुमट! पैसा कुठून आला ते तुम्ही सांगालच, फक्त तिथे जरा हळू आवाजात. बागेसाठी सल्ला टॉमस डॅनियलचा, हिंदुस्थानभर चित्रं काढत फिरलेला तो. वरच्या तळ्याशी सूर्याचं देऊळ, खाली तीन फण्यांचा नाग.

आणि पुलाच्या कठड्यावर नंदी. मला कडेवर घेऊन तुम्ही म्हणायचात, "शिंगांवर बोटं ठेव, मधून बघ." ठेवली. गार होती. मधून पिंडी कुठली दिसणार, ओढा आणि झाडी. तरी बराच वेळ बघत राहिले.

पुलाखालून पाण्यातल्या दगडांवरून जाता येतं. बाबा, तुम्ही जायचं नाही. पन्हाळ्याचं पुन्हा नको. आई वर उभी राहील, तुम्ही तिच्याशेजारी.

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. रागावू नका, ती आजारी माणसांचीच असते असं नाही, लांबलचक चालणं वाचतं. तुमची खोली खालीच आहे, बाथरूमला लागून. कमोडला जेट बसवून घेतलाय. आई, पोहे, चहा पावडर, हिंग सगळं इथे मिळतं, तेव्हा बॅगेत गोडा मसाला सोडून काही भरू नकोस. लोणचं आणलंसच तर दोन पिशव्यांत घट्ट बांध.

गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि विम्याच्या फॉर्मसाठी बाबांचं बीपी कळव. ते सांगतात ते नको, तुझ्या वहीतलं.

तुमची,
चिमी