पत्र्याला खिडकी कापणाऱ्या सुपरवायझर भाऊंना

भाऊ, नमस्कार.

परवा नव्या इमारतीत पहिल्यांदा वर्ग भरले. घंटा झाली, पोरं जिन्याने वर गेली आणि मी खाली व्हरांड्यात एकटीच उभी राहिले. तुम्हाला फोन लावला. मागे मिक्सर फिरत होता. "मॅडम, साइटवर आहे, नंतर बोलतो," म्हणालात. नंतरही मला नीट बोलता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

तुम्ही येण्याआधीचं वर्ष मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. आमची मागची जुनी इमारत पाडली तेव्हा लोक सहज म्हणायचे, "एक वर्ष शाळा बंद ठेवा, नाहीतर दुसरीकडे न्या." कुठे नेणार? नागपुरात सक्करदऱ्याच्या आसपास इतक्या पोरांना रिकामी जागा कोण देतो? शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पोरांचं दुपारचं पोटभर जेवण म्हणजे शाळेतली खिचडी. शाळा बंद म्हणजे ती थाळी बंद. म्हणून अर्ध्या मैदानात बांधकाम आणि उरलेल्या अर्ध्यात दोन पाळ्यांची शाळा, असं ठरलं.

पहिल्या ठेकेदाराचं नाव मी घेणार नाही. चाचणी परीक्षा चालू असताना ब्रेकर, शाळा सुटायच्या वेळेला फाटकात रिव्हर्स येणारा वाळूचा ट्रक, पोषण आहाराच्या शेडला लागून चुरीचा ढीग. वारा सुटला की पोरं ताटावर हात धरून जेवायची. एक दिवस चौथीतला एक मुलगा चेंडू आणायला तिकडे गेला आणि सेंट्रिंगच्या फळीतला खिळा त्याच्या पायात बूट फोडून शिरला. धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन मी त्याला घरी पोचवलं. त्याची आई काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली, आणि ते पाहणं अजून माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला बोलले तर तो म्हणाला, "पोट्टे तुमचे, तुम्ही आवरा. आम्ही काम करू का पोट्टे राखू?"

उन्हाळ्यात तो पायाचे खड्डे खोदून निघून गेला. आपल्याकडची काळी माती तुम्हाला मी काय सांगू! उन्हात भेगाळते, पावसात फुगते, मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय पाया धरत नाही. ते खोल खड्डे जुलैत गळ्यापर्यंत भरले. बाकी वर्ग बाईंवर सोडून मी मधल्या सुट्टीत काठी घेऊन त्या खड्ड्यांजवळ उभी राहायचे. ज्यांच्याकडे तक्रारी नेल्या, ते "थोडं सांभाळून घ्या, मॅडम" म्हणाले. २५ जुलै २०२५ ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. त्या रात्री आमच्या पालकांचे फोन थांबेनात. मी सगळ्यांना धीर दिला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुम्ही आलात ते पोळ्याच्या आधी. खरं सांगते, तुमच्याकडूनही मी काही अपेक्षा ठेवली नव्हती. आल्याबरोबर खड्ड्यांतलं पाणी उपसलं, सभोवती पत्रे ठोकले. मग ऑफिसात येऊन म्हणालात, "मॅडम, टाइमटेबल द्या." मला वाटलं, पाळ्यांच्या वेळा हव्या असतील. तुम्ही प्रत्येक वर्गाचं वेळापत्रक मागितलं. ते तुमच्या झोपडीच्या दाराच्या आतल्या बाजूला, मजुरांच्या हजेरीशेजारी चिकटवलेलं मी नंतर पाहिलं. परीक्षेच्या दिवसांवर लाल खुणा होत्या.

पण मला लिहायचं आहे ते त्या खिडकीबद्दल.

पत्रे लागले आणि पोरांना पलीकडचं दिसेनासं झालं. जे दिसत नाही ते पाहायचंच, हा पोरांचा स्वभाव. आठवडाभरात बाकं पत्र्यांना लावून, एकमेकांच्या खांद्यावर चढून वरून डोकावणं सुरू झालं. एक जण पडता पडता वाचला. मी दोघांना ऑफिसात उभं करून ओरडत होते, तेव्हा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. शांतपणे म्हणालात, "लेकरं हायेत मॅडम, पाह्यल्याशिवाय राहतीन का? आपनच पाहू देऊ त्यायले. मंग चढनार नाही."

मधल्या सुट्टीत तुम्ही पहिलीतल्या एका मुलीला पत्र्याला पाठ लावून उभं केलंत आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खडूने रेघ मारलीत. मग पाचवीतल्या एका मुलाला उभं करून त्याच्यापुढेही एक रेघ. पोरं असताना ग्राइंडर लावायचा नाही म्हणून काम रविवारी ठेवलंत. मी त्या दिवशी हिशोबासाठी शाळेत आले होते, म्हणून मला दिसलं. दोन चौकोन कापून झाले होते, जाळी बसली होती. मला वाटलं काम संपलं. तुम्ही मात्र उकिडवे बसून पकडीने पत्र्याची कड आत वळवत होतात. इंच इंच करत चारही बाजू. मग सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून ती त्या कडेवर चढवलीत आणि बारीक तारेने आवळलीत. तारेची टोकं पलीकडच्या बाजूला दाबलीत. शेवटी हातमोजा काढून स्वतःचं बोट सगळ्या कडेवरून फिरवलंत. एका कोपऱ्यात बोट अडलं, तेव्हा तो कोपरा सोडून पुन्हा आवळलात.

मी मागे उभी आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला कोणी ते करायला सांगितलं नव्हतं. कुठल्या बिलात ते लागणार नव्हतं. त्या वर्षभरात पहिल्यांदा मी अशा माणसाला पाहिलं, ज्याने पोराचं बोट कापायच्या आधी त्या बोटाचा विचार केला होता. त्या रविवारी मी घरी गेले आणि कित्येक महिन्यांनी दुपारी झोपले.

त्यानंतर एकही पोर पत्र्यावर चढलं नाही. खिडकीसमोर ओळ लागायची, मोठी पोरं लहानांना पुढे करायची. चौथी 'ब'च्या बाईंनी लंब म्हणजे काय हे फळ्यावर शिकवायच्या ऐवजी तुमचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं ते वजन, मागून आणला. पाण्याच्या नळीची लेव्हल पाहून एका मुलाने विचारलं, "नळी इतकी वाकडीतिकडी आहे, तरी पाणी दोन्हीकडे सारखं कसं?" त्याला उत्तर द्यायला तुमचे मिस्त्री हातातली थापी ठेवून जाळीपाशी आले आणि बालाघाटकडच्या हिंदीत पाच मिनिटं समजावत राहिले. अशा प्रश्नासाठी आम्ही शिक्षक वर्षभर तरसतो. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी सेंट्रिंगच्या तुकड्यांचे बैल निघाले, तेही त्याच जाळीपाशी वाटले गेले. लाकूड घासून गुळगुळीत केलेलं होतं. बोटात लाकडाची कूस जाऊ नये म्हणून, हे आता मला सांगायला नको होतं.

आणि एक दिवस तुम्ही रेजांची, म्हणजे साइटवरच्या मजूर बायांची, तीन पोरं हाताला धरून घेऊन आलात. केस पाण्याने चापून बसवलेले, कपडे धुतलेले. "यांच्याकडे दाखला नाही, पण बसू द्याल का?" दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे मला माहीत होतं, आणि तरी त्या साइटवर रोज दिसणाऱ्या पोरांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं.

फेब्रुवारीत मी तुमच्यावर चिडले होते, तेही लिहिलं पाहिजे. स्लॅब पडला होता. पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर होती, बसायला जागा नव्हती, आणि मी म्हटलं, खालचे दोन वर्ग तरी मोकळे करून द्या. तुम्ही हात जोडलेत. बीम सहा मीटरच्या वर आहेत, २१ दिवस झाल्याशिवाय टेकू निघणार नाहीत, आणि टेकू असताना खाली पोरं बसणार नाहीत. मी आवाज चढवला, संस्थेच्या लोकांनी चढवला, दोन पालक तर तुमच्या अंगावर धावून आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर पाणी मारत राहिलात. आम्ही पोरांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवून तयारी केली. विसाव्या दिवशीही तुम्ही टेकूला हात लावू दिला नाही. आज त्याच छताखाली पहिलीचा वर्ग भरतो. तेव्हाच्या शब्दांबद्दल मला माफ करा, भाऊ.

माणसाचं मन मोठं असावं लागतं हे आपण फार बोलतो. मला तुमच्याकडे बघून वाटलं, मन मोठं असलं तरी काम हाताने करावं लागतं. पोषण आहाराची घंटा व्हायच्या दहा मिनिटं आधी मातीवर पाणी शिंपडायला तुम्ही माणूस ठेवला होता. तो एकदाही चुकला नाही. गाड्या शाळा सुटल्यावरच आत आल्या. उघड्या सळयांच्या टोकांवर फळ्या ठोकलेल्या असायच्या. यातलं काहीच अवघड नव्हतं. आधीच्या माणसालाही ते जमलं असतं.

पत्रे काढले त्या दिवशी मी रजेवर होते. आले तर मैदान मोकळं, आणि तुम्ही सगळ्यांना चहा पाजून निघून गेलेले. धड निरोपही घेता आला नाही. तुम्ही आता कुठल्या साइटवर आहात, तिथे जवळ शाळा आहे का, मला माहीत नाही. असली तर त्या मुख्याध्यापिकेला रात्री झोप लागत असेल.

तुमचा ओळंबा अजून चौथी 'ब'च्या कपाटात आहे. यंदाची पोरंही तो वापरतात, पण वस्तू तुमची आहे. न्यायला या. दुपारची पाळी सुटायच्या आत या, म्हणजे सगळी पोरं भेटतील. आणि घरच्यांना घेऊन या, मला त्यांनाही भेटायचं आहे.

तुमची ताई,
मुख्याध्यापिका