त्यांना ‘इंग्रज’ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ॲलिस्टर मॅक्लाउड यांच्या एका कथेचा अनुवाद छापलात. लेखकाचं नाव दिसताच हातातलं काम टाकून वाचायला बसले. मॅक्लाउड मराठीत यावेत असं मला फार वर्षांपासून वाटत होतं. कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांताच्या टोकाला केप ब्रेटन नावाचं बेट आहे. त्यांच्या कथा बहुतेक तिथल्याच, आणि त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून मी नऊ हिवाळे काढले आहेत. म्हणूनच हे पत्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

कथेसोबतच्या चौकटीत कथेतलं कुटुंब ‘इंग्रज स्थलांतरितांचं’ असल्याचं म्हटलं आहे. कृपा करून हे दुरुस्त करा. ही माणसं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली, हायलंड्समधली. इंग्रजी ही त्यांची भाषा नव्हती, त्यांची भाषा गेलिक. चौकटीत तिला ‘इंग्रजीची एक बोली’ ठरवलंय, तेही चूक आहे. गेलिक ही केल्टिक भाषा, आयरिशची सख्खी बहीण. 1746 साली कलोडनच्या माळावर हायलंड्समधल्या बंडाचा चुराडा झाला. पुढे टोळ्यांचे प्रमुख निव्वळ जमीनदार होऊन बसले आणि कुळांपेक्षा मेंढ्या जास्त पैसा देतात असा हिशेब त्यांनी मांडला. गावंच्या गावं उठवली गेली. 1814 मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात लोक परत येऊन राहू नयेत म्हणून घरांच्या छपरांची लाकडं जाळली. यातली हजारो माणसं जहाजांत बसून नोव्हा स्कोशियाला आली. किनाऱ्यालगतची बरी जमीन आधी आलेल्यांनी घेतलेली होती. मागून आलेल्यांच्या वाट्याला डोंगरउतारावरची खडकाळ जमीन आली. 1845 नंतर बटाट्यावर रोग पडला तेव्हा त्या बेटावरही उपासमार झाली. एका धंद्यावर पोट भरायचं नाही, म्हणून थोडी शेती, थोडी मासेमारी, नाहीतर लाकूडतोड, आणि तेही जमेना तेव्हा कोळशाची खाण. अशा लोकांना सरसकट ‘इंग्रज’ म्हटलं की कथा उभी राहण्याआधीच तिचा पाया काढून घेतल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. कथेत एका करड्या कुत्रीची हकिगत आहे. गाडीच्या चाकाखाली सापडलेलं पिल्लू एक माणूस जीव लावून वाढवतो. ती अवाढव्य होते, आणि पिल्लं घालायच्या वेळी नाहीशी होते. बऱ्याच काळानंतर वादळात सापडून तो माणूस एका ओसाड बेटावर उतरतो, तर ती तिथे! आनंदाने झेपावून ती त्याला खाली पाडते. तिची वाढलेली पिल्लं मात्र त्याला ओळखत नाहीत. ती त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याला फाडतात. त्या दिवसापासून घराण्यात कुणाचं मरण जवळ आलं की ती कुत्री दिसते. तिचं नाव गेलिकमध्ये आहे, ‘कू मोर ग्लास अ वाश’, मरणाचा मोठा करडा कुत्रा. अनुवादात हे शब्द काढून टाकले आहेत आणि त्या जागी ‘यमाचा कुत्रा’ आला आहे. यमाचा कुत्रा धन्याच्या हुकमाने बाहेरून येतो. ही कुत्री त्या घरातली आहे, चुलीजवळ वाढलेली. तिने त्या माणसावर झेप घेतली ती मायेपोटी. ज्याला वाचवलं त्याच्याच मायेतून मरण आलं, हेच तर त्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या गिळता आलेलं नाही. ‘यम’ हा एक शब्द घातला आणि ते सगळं गेलं. वाचताना मला अक्षरशः हुंदका आला.

गेलिक शब्द वाचकाला कळणार नाहीत, असं अनुवादकांना वाटलं असेल. पण कथेतल्या मुलानातवंडांनाही ती भाषा आता अर्धीमुर्धीच येते. तो शब्द आपल्यालाही थोडा परका वाटला, तरच आपण त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहतो. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

माझ्या वॉर्डात एक म्हातारे मच्छीमार होते. जन्मभर शेवंडांचे पिंजरे टाकलेले हात, मनगटांवर जुने व्रण. (त्या मजल्यावर मॅकडॉनल्ड आडनावाचे इतके जण होते, आणि नावंही तीच तीच, की आम्ही औषधं देताना बापआजोबांची नावं जोडून ओळखायचो, अमक्याच्या तमक्याचा डॉनल्ड असं. तिथली ती जुनीच रीत.) मे महिन्यात शेवंडांचा हंगाम उघडायचा, त्या दिवशी ते आदल्या रात्रीच सांगून ठेवत की पहाटे चारला उठवा. मी त्यांची चाकाची खुर्ची खिडकीशी नेऊन लावायची. अंधारात एकेका होडीचा दिवा धक्क्यावरून निघायचा आणि ते बोटांनी मोजायचे.

ते गेले मार्चमध्ये. मार्चमध्ये तिथे समुद्र दिसत नाही. सेंट लॉरेन्सच्या आखातातून वाहत आलेला बर्फ किनाऱ्याला भिडून बसतो, लाटांचा आवाज बंद होतो आणि त्या शांततेची सवय काही होत नाही. शेवटचे तीन दिवस त्यांची इंग्रजी गेली. फक्त गेलिक. साठीची मुलगी हात धरून बसलेली, तिला एक शब्द कळत नव्हता. वडिलांना लहानपणी शाळेत गेलिक बोलल्याबद्दल मार बसलेला, म्हणून त्यांनी मुलांना ती शिकवलीच नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काय म्हणताहेत हो?” मी कुठली, ती कुठली! शेवटी मी धावत जाऊन कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना खुर्चीसकट घेऊन आले. त्यांनी वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी म्हटलं. म्हाताऱ्यांचा चेहरा इतका निवळला की मी तो विसरूच शकत नाही. दोघं अर्धा तास बोलत होते. मुलीने पुन्हा विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, “बर्फ यायच्या आत होडी वर ओढली का, विचारतोय. मी म्हटलं, ओढली.”

आता सांगा, ते शब्द काढून टाकायचे कसे?

आणखी एक. कथेखाली बारीक अक्षरात ‘जागेअभावी संक्षिप्त’ असं छापलंय. कापला आहे तो शेवट. टोरांटोच्या रुग्णालयात म्हाताऱ्या बापाच्या खाटेभोवती मुलगे जमले आहेत. बापाला ती कुत्री दिसेल या धास्तीने तिचं नावही कुणी घेत नाही. शहरात राहणारी, शिकलेली ही माणसं, तरी भीती जशीच्या तशी, हे त्या शेवटावाचून समजतच नाही. ते नसेल तर उरते एक जुनी भुताची गोष्ट.

मॅक्लाउड यांनी तीस वर्षांत अवघ्या सोळा कथा लिहिल्या. शिक्षणाचा खर्च भागवायला त्यांनी खाणीत आणि जंगलात कामं केली, नंतर विंडसरच्या विद्यापीठात शिकवलं, आणि 2014 साली ते गेले. इतकं हळू लिहिणाऱ्याचा परिच्छेद कापताना हात थरथरायला हवा. त्यांच्याच एका कथेत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गेलिक गायक आहे. टीव्हीवाले त्याला म्हणतात, गाणी लांबतात, कडवी कमी करा. तो म्हणतो, या गाण्यांत गोष्ट आहे, ती पुरी सांगायची. तो टीव्हीवर जायचं सोडतो, पण कडवी सोडत नाही.

माझी विनंती एवढीच. चौकटीतली दुरुस्ती छापावी आणि गाळलेला शेवट येत्या रविवारी पूर्ण द्यावा, गेलिक शब्दांसकट. एका अंकात मावत नसेल तर दोन रविवार घ्या, आम्ही थांबू. शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून द्यायला मी तयार आहे. मूळ पुस्तकही माझ्याजवळ आहे, निरोप आल्यास कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका