शहरी मुलांचा रस्ता त्यांना परत मिळावा

महोदय,

रम्य बालपण म्हटले की नदी, शेत आणि झाडाला बांधलेला झोका हीच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात, आणि मोठ्या शहरात वाढलेल्यांपाशी सांगण्याजोगे फारसे काही नसावे असे गृहीत धरले जाते. हे मला मान्य नाही. शहरातल्या मुलांनाही त्यांचे रान होते, ते म्हणजे घराखालचा रस्ता. दिवेलागणीपर्यंत रंगलेला खेळ, परक्या गच्चीवर गेलेला चेंडू मागायला कोणी जायचे यावरून जुंपलेली भांडणे, खिडकीतून आलेली हाक ऐकूच आली नाही असे भासवून लांबवलेला शेवटचा डाव, कोपऱ्यापलीकडे पहिल्यांदाच एकट्याने जाताना वाटलेली धास्ती आणि परतल्यावरचा अभिमान, हे सारे कोणत्याही महानगरात वाढलेल्या माणसाच्या ओळखीचे असेल.

या आठवणींत खेळणी क्वचितच असतात. असते ती मोकळीक. देखरेखीला कोणी नेमलेले नसे, तरी दारात बसलेल्या आजी आणि येणारेजाणारे यांचे मुलांकडे लक्ष असे. रहदारीच्या पदपथावरील अशा सहज नजरेतूनच शहर सुरक्षित राहते, असे शहरांच्या जीवनावर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ सालीच मांडले होते.

ही मोकळीक प्रामुख्याने वाहनांनी हिरावली, असे माझे मत आहे. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची पाहणी करून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीविना शाळेत जात. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. प्रत्येक पिढीला आपलेच बालपण गोड वाटते, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु वरील आकडे कोणाच्या हळव्या आठवणींतून आलेले नाहीत.

उपाय अशक्य मुळीच नाहीत. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅममध्ये १९४७ पासून तीन दशकांत वास्तुविशारद आल्डो व्हॅन आयक यांनी रिकाम्या भूखंडांवर आणि रस्त्यांच्या कडेला सातशेहून अधिक क्रीडास्थळे उभारली. वाळूचा हौद, चढायच्या कमानी, उड्या मारायचे दगड, एवढेच साहित्य आणि बहुतेक ठिकाणी कुंपणही नाही! मुलाला शहरापासून वेगळे न काढता शहरातच जागा देण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्याच देशात डेल्फ्ट येथे निवासी रस्त्यांवर वाहनांना चालण्याच्या वेगाची मर्यादा घालण्याचा प्रयोग झाला आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले.

खेळ हा मुलांचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम सांगते. तेव्हा शहरांचा कारभार पाहणाऱ्यांनी प्रत्येक वस्तीतील निदान एक रस्ता आठवड्यातून एका संध्याकाळी वाहनांसाठी बंद ठेवावा, आणि रस्तारुंदीकरणाचा कोणताही आराखडा मंजूर करण्यापूर्वी तिथे राहणारी मुले कुठे खेळतील याचे लेखी उत्तर त्यात असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक