टायपिनने गाठ सांभाळली जात नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात अलीकडेच शाळकरी मुलांच्या लोंबकळत्या टायविषयी एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले होते. मुलांच्या टायची गाठ सकाळची प्रार्थना संपेपर्यंतही जागेवर राहत नाही, ती कॉलरपासून दोन बोटे खाली उतरते, आणि म्हणून शाळांनी सर्व मुलांना टायपिन सक्तीची करावी, असे त्यांचे म्हणणे होते. तक्रार रास्त आहे; उपाय मात्र भलत्या जागी लावलेला आहे. शहापुरात बरीच वर्षे शर्ट आणि कोट शिवण्याचा व्यवसाय केलेला असल्यामुळे या लहानशा प्रश्नावर जरा सविस्तर लिहीत आहे, कारण टायपिन आणि गाठ यांचा जो संबंध बहुतेक लोक गृहीत धरतात, तो मुळात नाहीच.

टायपिन म्हणजे चिमटा असलेली आडवी पट्टी. टायचे पुढचा व मागचा हे दोन्ही पदर ती शर्टाच्या काजपट्टीला धरून ठेवते, आणि तिची योग्य जागा वरून साधारण तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये असते. वाऱ्याने टाय खांद्यावर जाऊ नये, जेवताना तो आमटीत बुडू नये, वाकून सही करताना पुढे लोंबू नये, एवढेच तिचे काम. गाठ तिच्यापासून चांगली वीतभर वर असते आणि तिथे तिचा काही उपयोग होत नाही. उलट टाय ताणून टायपिन लावली, तर मान वर करताच खालून धरलेला टाय गाठीलाच ओढतो आणि गाठ अधिक लवकर सैल होते. म्हणून जाणकार माणूस टायपिनच्या वर कापड किंचित सैल सोडतो. टोकदार टाचणीची आणि बारीक साखळी बटणाच्या काजात अडकवायची जी टायपिन मिळते, तीही पदरच धरते, शिवाय सॅटिनच्या टायला कायमचे भोक पाडते ते वेगळेच.

गाठ जागेवर ठेवायची असेल तर आधार गाठीच्या खाली, म्हणजे कॉलरच्या दोन टोकांच्या मध्ये द्यावा लागतो. त्यासाठीचे साधन जुने आणि अगदी साधे आहे, पण आपल्याकडच्या दुकानांत ते मागणारा गिऱ्हाईक क्वचितच दिसतो. ते म्हणजे कॉलर बार, किंवा कॉलरपिन. दोन इंचांच्या आसपास लांबीची ही धातूची बारीक कांडी कॉलरच्या एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत आडवी जाते. ती टायच्या मागून जाते आणि टायचे पदर तिच्यावरून खाली उतरतात, त्यामुळे गाठ कांडीवर टेकते, किंचित वर उचलली जाते आणि पुढे येते. कॉलरची दोन्ही टोके आत ओढली गेल्यामुळे गाठ दोन्ही बाजूंनीही आवळली जाते. खाली घसरायला वाट उरत नाही आणि डावी-उजवीकडे फिरायलाही जागा राहत नाही.

कॉलर बार तीन तऱ्हेचे असतात. पहिला सेफ्टी पिनसारखा, कापडातून आरपार जाणारा. ऑक्सफर्डसारख्या जाडसर, मोकळ्या विणीच्या सुती कापडात त्याची भोके धुतल्यावर बहुतांशी मिटतात, पण हल्लीच्या घट्ट विणीच्या टेरिकॉटमध्ये ती तशीच राहतात. दुसरा चिमट्याचा, दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला. तो कॉलरच्या कडा नुसत्या पकडतो, भोक पाडत नाही, आणि कोणत्याही टोकदार कॉलरच्या शर्टाला चालतो. तिसऱ्याच्या दोन्ही टोकांना लहान गोळ्या असतात. त्यांतली एक गोळी फिरकीने निघते, कांडी कॉलरमध्ये मुद्दाम काजासारख्या शिवलेल्या छिद्रांतून घालतात आणि गोळी पुन्हा आवळतात. यातला शेवटचा प्रकार सर्वांत पक्का आणि सर्वांत देखणा, पण त्यासाठी शर्टच तसा शिवून घ्यावा लागतो. ज्यांना पहिल्यांदा वापरून पाहायचे आहे, त्यांनी चिमट्याचा घ्यावा, असे माझे मत आहे.

यामागचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. एकेकाळी कॉलर शर्टापासून वेगळी असे. अमेरिकेतील ट्रॉय या गावी १८२७ साली हॅना माँटेग्यू यांनी ती प्रथम वेगळी केली, असे मानले जाते. खळ घालून पुठ्ठ्यासारखी कडक केलेली ती कॉलर गाठीला स्वतःच आधार देत असे. पहिल्या महायुद्धानंतर मऊ, शर्टाला जोडलेल्या कॉलरचे दिवस आले. मानेला आराम मिळाला, पण कॉलरची टोके वळू लागली, गाठ खाली येऊ लागली आणि १९२० व १९३० च्या दशकांत कॉलरपिनला मागणी आली. टायला आजचे रूप मिळाले तेही त्याच सुमारास. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी टायचे कापड उरेब, म्हणजे तिरके, कापून तीन तुकड्यांत जोडण्याची पद्धत काढली, आणि त्यामुळे टाय न पिळवटता सरळ पडू लागला व गाठ सोडल्यावर पूर्ववत होऊ लागला. चांगल्या टायच्या मागच्या बाजूचा सैल हातटाका पाहून नवीन कारागिराला तो कच्चा वाटतो, पण टायला ताण सोसता यावा म्हणूनच तो सैल ठेवलेला असतो.

आता मुलांच्या टायकडे येऊ. शाळेचा टाय बहुधा पातळ, गुळगुळीत पॉलिस्टरचा असतो, त्यात अस्तर नावापुरते असते किंवा नसतेच. अशा कापडाची गाठ घर्षणावर टिकत नाही. दुसरे असे की, जूनमध्ये वडिलांनी किंवा शेजारच्या काकांनी एकदा गाठ बांधून दिली की ती पुढे मार्चपर्यंत कोणी सोडत नाही. रोज ती सैल करून टाय डोक्यातून काढायचा आणि सकाळी पुन्हा ओढून घट्ट करायचा, एवढेच होते. खानापूर, जांबोटीकडच्या मुलांचा टाय पावसाळ्यात महिनोन्महिने दमट राहतो, गाठीच्या आतले कापड कधी वाळतच नाही आणि तेवढ्याच जागी टायचा सगळा जीव जातो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, पण त्याकडे कोणी पाहत नाही: कॉलरचे वरचे बटण लावलेले नसते. ते लावलेले नसते, कारण ते लागतच नाही. वाढत्या अंगाच्या मुलाला दोन वर्षे पुरावा म्हणून शर्ट मोठा शिवला जातो, पण मानेचे माप मात्र कितीतरी वेळा अंदाजाने धरले जाते. बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांत दोन बोटे सहज जातील एवढी जागा हवी. त्याहून अधिक असेल तर गाठ लोंबते, कमी असेल तर मूल बटण उघडे टाकते, आणि दोन्हींत दोष टायला दिला जातो.

यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे इलॅस्टिकचा तयार गाठीचा टाय. तो टाय मला पटत नाही, हे स्पष्ट लिहितो. त्याची गाठ शिवलेली असल्यामुळे सुटत नाही, हे खरे, पण इलॅस्टिक सहा महिन्यांत ढिले पडते आणि मग तीच घट्ट गाठ छातीवर येऊन बसते. आयांनी मग काय करावे? सेफ्टी पिन. ती पावसात गंजते, पांढऱ्या कॉलरवर तांबडा डाग पाडते, आणि तो डाग लिंबू-मीठ लावून उन्हात घातल्याशिवाय जात नाही. शिवाय लहान मुलाच्या गळ्याजवळ टोकदार वस्तू असणे कोणत्याही दृष्टीने बरे नाही.

याच कारणासाठी शाळकरी मुलांना मी धातूचा कॉलर बारसुद्धा सुचवणार नाही. त्यांच्यासाठी याहून सोपी गोष्ट आहे आणि ती आपल्या भागातला कोणताही टेलर शिवू शकतो. कॉलरच्या दोन्ही पानांच्या आतल्या बाजूला त्याच कापडाची एकेक लहान पट्टी जोडायची आणि दोन पट्ट्या गाठीच्या मागे, मध्यभागी टिचबटणाने एकमेकींना लावायच्या. पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या ब्रिटिश युवराजांनी ही कॉलर लोकप्रिय केल्याचे सांगितले जाते, आणि परदेशात ती आजही महागड्या शर्टांत येते. प्रत्यक्षात तिला लागते वाया गेलेल्या कापडाची चिंधी आणि एक टिचबटण. तिचे काम कॉलर बारचेच: गाठीला खालून आधार, कॉलरच्या टोकांना आतली ओढ. ती बाहेरून दिसत नाही, हरवत नाही, टोचत नाही, आणि जोरात ओढ बसली तर टिचबटण आपोआप सुटते. पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र टायच नसावा, असे मला वाटते. खेळताना, बसच्या दारात, झोपाळ्याच्या साखळीत गळ्यातला टाय अडकण्याचा धोका असतो, आणि त्या वयात टापटीप शिकवायला नखे आणि रुमाल पुरेसे आहेत. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ साली डॉक्टरांनासुद्धा रुग्ण तपासताना टाय न घालण्याची सूचना केली, कारण रोज न धुतला जाणारा आणि रुग्णांना स्पर्श करणारा टाय जंतू वाहून नेऊ शकतो. तेव्हा टाय म्हणजे शिस्त हे समीकरण सगळीकडे लावण्याची गरज नाही.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. बेळगाव हे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे ठिकाण आहे, आणि आपल्या भागातली मुले-मुली दरवर्षी मुलाखतींसाठी पुणे, बेंगळूरूच्या गाड्या धरतात. रात्रभर प्रवास करून सकाळी लॉजमध्ये घाईघाईने बांधलेली गाठ दुपारी आपली पाळी येईपर्यंत कुठे गेलेली असते, हे त्या मुलाला ठाऊकही नसते. त्याला चिमट्याचा कॉलर बार खरोखर उपयोगी आहे. तो लावण्याची रीत सांगतो. वरचे बटण लावावे, गाठ बांधावी पण पूर्ण वर सरकवू नये. कॉलरच्या कडेच्या साधारण मध्यावर बारचे एक टोक लावावे, कांडी टायच्या मागून नेऊन दुसरे टोक समोरच्या कडेला त्याच उंचीवर लावावे, आणि मग गाठ वर सरकवून कांडीवर बसवावी. गाठ लहान असावी. साध्या फोर-इन-हँड पद्धतीची गाठ यासाठी उत्तम. विंडसर गाठ जाड होते आणि कॉलरची पाने फाकवते. १९९९ साली थॉमस फिंक आणि याँग माओ या केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञांनी टाय बांधण्याच्या ८५ तऱ्हा गणिताने मांडून दाखवल्या, पण मुलाखतीला त्यांतली एक नीट आली तरी भागते. ती शिकवायला कोणी नाही असेही नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात गल्लीगल्लीत माजी सैनिक आहेत, आणि त्यांच्या हाताला ही गाठ आरशाशिवाय येते.

कॉलर फार फाकलेली, म्हणजे टोके खांद्याकडे गेलेली असेल, तर कॉलर बार लावू नये. कॉलर चुरगळते आणि माणूस अवघडलेला दिसतो. लग्नात भाड्याच्या सुटाबरोबर मिळणारे शर्ट बहुधा अशाच कॉलरचे असतात, म्हणून नवरदेवाने शर्ट तरी स्वतःच्या मापाचा शिवून घ्यावा. पितळेवर मुलामा दिलेला बार घामाने हिरवा पडतो आणि कॉलरला डाग देतो, तेव्हा तो पुसून कोरडा ठेवावा किंवा स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा. अशी कांडी काही परदेशातून आणायला नको. आपल्या ज्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग बनतात, तिथल्या एखाद्या लहान वर्कशॉपला स्प्रिंगच्या तारेचा हा तुकडा वाकवणे म्हणजे हातचा मळ आहे, आणि शहापूरचे सराफ मागणी आली तर चांदीचाही घडवतील. मात्र उद्यमबागेतल्या इंजिनिअर मंडळींनी लेथजवळ जाताना टाय काढूनच ठेवावा. फिरत्या यंत्रापुढे टायपिन काय आणि कॉलर बार काय, कशाचाच भरवसा धरू नये.

शाळांच्या गणवेशाचे कापड आणि शिलाई साधारण एप्रिल-मेमध्ये ठरते. पालक समित्यांनी यंदा टेलरला शर्टाचे माप देताना दोन गोष्टी लिहून द्याव्यात: मानेचे माप प्रत्येक मुलाचे वेगळे घ्यावे, आणि पाचवीपासून पुढच्या शर्टांना कॉलरखाली पाऊण इंच रुंदीची टिचबटणाची पट्टी लावावी. पट्टीची लांबी कॉलरच्या मापावर ठरेल. बटण लावून, टाय घालून, मुलाला मान वर-खाली करायला सांगून ती ठरवावी. पट्टी लावताना तिचे शिवण कॉलरच्या वरच्या थरावर येऊ देऊ नये, फक्त आतल्या थरात घ्यावे, नाहीतर इस्त्री केल्यावर बाहेरून टीप दिसते.

आपला नम्र,
एक निवृत्त टेलर
शहापूर, बेळगाव