डॉक्टरांसमोर न निघणारा विषय

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

लांबच्या प्रवासाला मी हल्ली का टाळाटाळ करते, असे तू विचारलेस तेव्हा मी गुडघ्यांचे नाव पुढे केले. गुडघे दुखतात हेही खरेच. पण मूळ कारण असे, की खोकला आला किंवा हसू आवरले नाही तर लघवीचे थेंब गळतात आणि एकदा घाई लागली की संडास गाठेपर्यंत दम धरवत नाही.

मग डॉक्टरांना का सांगितले नाहीस, असे तू म्हणशील. लाज आहेच, परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. बाळंतपणे झाली, पाळी गेली, आता हे चालायचेच, असे आम्ही आई-मावश्यांकडून ऐकत आलो, त्यामुळे याला आजार म्हणायचे असते हेच पुष्कळ जणींच्या मनात येत नाही. शिवाय त्रास हळूहळू वाढतो आणि त्याच्याबरोबर आमची हुशारीही वाढते: गडद रंगाचे कपडे, पिशवीत जास्तीचा जोड, कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची, बाहेर पडण्याआधी पाणी बंद. सगळे निभावते आहे म्हटल्यावर दवाखाना कशाला? (पाणी तोडण्याची युक्ती तर उलटते, लघवी दाट होऊन मूत्राशय चाळवते, बद्धकोष्ठ होते आणि घाई आणखी वाढते.) रात्री अंधारात धावताना पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती निराळीच.

बोलले की थेट शस्त्रक्रिया सांगतील, हीही धास्ती असते. वास्तविक सुरुवात बहुधा साधी असते: काय प्यायले आणि किती वेळा जावे लागले याची 3 दिवसांची नोंद, कटितळाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणाऱ्या, स्नायूंचे व्यायाम जाणकाराकडून शिकून किमान 3 महिने, आणि घाईच्या त्रासाला लघवीची वेळ थोडी थोडी लांबवण्याचा सराव किमान 6 आठवडे. औषधे त्यानंतर. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते, पण तक्रारच केली नाही तर डॉक्टर गोळी बदलणार कशी?

तेही आपणहून क्वचितच विचारतात. आणि त्यांनी विचारले तरी शेजारच्या खुर्चीत तू असतोस. तुझी काळजी मला कळते, पण तुझ्यादेखत हे माझ्या तोंडून निघणार नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला तू बाहेर थांब. जमल्यास स्त्री डॉक्टरांची वेळ घे आणि घेतानाच ‘लघवीवर ताबा राहत नाही’ असे कारण नोंदव, म्हणजे आत गेल्यावर सुरुवात मला करावी लागणार नाही.

तुझी,
आई