कमाल मर्यादा अपडेटच्या आज्ञेतच हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा) अपडेटमधून, म्हणजे साठवलेल्या किमती बदलणाऱ्या आज्ञेतून, एखाद्या कॉलमची किंमत थोडी थोडी वाढवत न्यायची आणि एका मर्यादेवर थांबवायची, हे काम वरवर किरकोळ वाटते. ऑनलाइन खेळातील खेळाडूची ऊर्जा दर दहा मिनिटांनी ५ ने वाढून १०० वर थांबावी, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मात्र इतरांनी लिहिलेल्या क्वेरी तपासताना यात एकच चूक मला पुन्हा पुन्हा आढळते, आणि ती शिकवतानाच दुरुस्त व्हावी असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

बहुतेक जण ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या हे ठरवणाऱ्या भागात, ‘ऊर्जा १०० पेक्षा कमी’ एवढी अट घालून निश्चिंत होतात. पण ९८ ही किंमत त्या अटीत बसते आणि अपडेटनंतर १०३ होते. यासाठी नवी किंमत ‘लीस्ट’ या फंक्शनमधून, म्हणजे ‘ऊर्जा अधिक ५’ आणि १०० यांतील लहान संख्या निवडून, लिहावी. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल या डेटाबेस प्रणालींमध्ये हे फंक्शन आहे. एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीत ते २०२२ च्या आवृत्तीत आले, त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘केस’ ही अटीनुसार किंमत निवडणारी रचना वापरावी लागते.

तरीही ‘व्हेअर’ची अट काढून टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये किंमत बदलली नाही तरी अपडेट झालेल्या प्रत्येक ओळीची नवी प्रत लिहिली जाते, त्यामुळे १०० वर पोहोचलेल्या हजारो ओळी दर दहा मिनिटांनी विनाकारण पुन्हा लिहिल्या जातात. शिवाय एखाद्याला बक्षीस म्हणून १५० ऊर्जा दिलेली असेल, तर अट नसलेली अपडेट ती मुकाट्याने १०० वर खेचते. आणखी एक धोका नलचा, म्हणजे किंमतच न भरलेल्या जागेचा, आहे: पोस्टग्रेएसक्यूएलचे ‘लीस्ट’ नलकडे दुर्लक्ष करते, म्हणून रिकाम्या किमतीच्या जागी थेट १०० येऊन बसतात, ‘व्हेअर’ची अट असली की अशा ओळी आपोआप वगळल्या जातात.

‘चेक’ कन्स्ट्रेंटवर, म्हणजे मर्यादेबाहेरची किंमत नाकारणाऱ्या डेटाबेसमधील नियमावर, सारा भार टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की मर्यादा ओलांडणारी एक ओळ आढळली तरी संपूर्ण अपडेट रद्द होते आणि त्या फेरीत कोणाचीच ऊर्जा वाढत नाही. ही आज्ञा रात्री-अपरात्री कोणी समोर नसताना चालते, त्यामुळे लॉग उघडून पाहीपर्यंत ते कळतही नाही. अखेरचा पहारा म्हणून ‘चेक’ अवश्य असावा. मात्र मायएसक्यूएलच्या ८.०.१६ पूर्वीच्या आवृत्त्या तो वाचून सोडून देत असत, हे जुनी प्रणाली सांभाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या संगणकविषयक सदरात या विषयाला जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक डेटाबेस प्रशासक